तिसऱ्या शेडचा परवाना

"आजीबाई, कुत्रीला खुर्ची देऊ का बसायला?" ब्रखनने विचारलं आणि हॉलमध्ये हशा पिकला.

एलिनेड हसली नाही, रागावलीही नाही. आपल्या कुत्रीला, मेगला, तिने अंगणातून कडेवर उचलून आणलं होतं. ओल्या सिमेंटवर मेग पाय ठेवत नसे. आता ती एलिनेडच्या बुटांवर हनुवटी टेकून पडली होती.

वेल्समधल्या त्या खेड्यात कौन्सिलच्या समितीपुढे आज एकच प्रश्न होता: ब्रखनला कुत्र्यांच्या पैदाशीसाठी तिसरी शेड बांधू द्यायची की नाही. दोन शेडमध्ये ऐंशी माद्या होत्याच. परवाना मिळाला की आणखी चाळीस येणार. हरकतीचा अर्ज एकाच माणसाने दिला होता, एलिनेडने.

ब्रखनच्या बापाने, गोमरने, तिला पहिलं पिल्लू दिलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. चुलीजवळ व्यालेली कुत्री आणि तिच्या कुशीत पाच पिल्लं. "आधी आईला विचार," गोमर म्हणाला होता. एलिनेडने हात पुढे केला, कुत्रीने तो हुंगला, चाटला, मग पिल्लू मिळालं. त्या पिल्लाचा वंश आजही तिच्या स्वयंपाकघरात नांदत होता. दोन-तीन वर्षांतून एखादं वेत. आणि पिल्लू मागायला येणाऱ्याची अशी उलटतपासणी, की मुलीसाठी स्थळ बघतानाही कुणी इतकं खोदून विचारत नसेल.

अध्यक्ष मॉर्विथबाईंनी चष्मा सावरला. "ब्रखन, म्हाताऱ्या माद्यांचं काय करतोस?"

"चांगल्या घरी देतो, बाई. एकूण एक. मरतात त्यांची नोंद असते. माझ्याकडे कागदाशिवाय पान हलत नाही."

"आणि तुझी पिल्लं माणसाला बुजतात, थरथरतात, अशा तक्रारी आहेत."

"रक्त, बाई! त्याला शेड काय करणार?" तो उठून एलिनेडपाशी आला. "ही बघा, आजीबाईंच्या घरची." वाकून त्याने मेगची मान खाजवली. मेगचे कान मागे गेले. ती एलिनेडच्या पायांना घट्ट चिकटली, पण जागची हलली नाही. "पाहिलंत, किती शहाणी! हे शिकवून येत नाही. रक्तातच असावं लागतं."

"शेडमधली मादी घरात राहिली, तर अशी नाही होणार?" एलिनेड पहिल्यांदाच बोलली.

"सात जन्मांत नाही! झाली तर तिसरी राहू दे, पहिल्या दोन्ही शेडना मी स्वतः कुलूप लावीन."

"तुझ्या बापाचा शब्द असाच असायचा, बाळा. लिहून घ्या, मॉर्विथ."

मॉर्विथबाईंनी लिहून घेतलं. मागच्या बाकांवरून कुणीतरी शीळ घातली.

ब्रखन आता रंगात आला होता. "मग माझंही एक लिहा. ही कुत्री कुणाच्या वंशाची, तेही कागदावर येऊ दे. उद्या कुणी उठून म्हणायला नको, की साधी कुत्री पण सांभाळून अशी होते. डॉक्टर, यंत्र आणलंय ना? चिप वाचा तिची."

तिथे प्रत्येक पिल्लाच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. ते कुठे जन्मलं आणि मालक कोण, हे त्या नंबरावर नोंदलेलं असतं.

"आजीबाईंची हरकत नसेल तर," समितीने बोलावलेला जनावरांचा डॉक्टर इथेल म्हणाला.

"माझी कसली हरकत?" एलिनेडने मेगच्या मानेवरचे केस अलगद बाजूला केले. "वाच, इथेल. मोठ्याने वाच. मागच्या बाकांवरही ऐकू जाऊ दे."

इथेलने यंत्र फिरवलं. नंबर संगणकात घातला. पडद्याकडे बघितलं, मेगकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग तो उभा राहिला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला.

"जन्म, ब्रखन प्रॉसर यांची दुसरी शेड. मालक, ब्रखन प्रॉसर. मादी क्रमांक एकेचाळीस, सहा वेतं. शेरा: दीड वर्षापूर्वी मेली."