एस्तेरची रविवारची वाट

शांतवनची बायको एस्तेर वारल्याचं चर्चच्या मंडळीत कळलं, त्याच दुपारी सगुणा भाकऱ्या घेऊन दारात आली. शांतवनला संशय आला. तिने नातवाच्या दंडाला मंतरलेला गंडा बांधला म्हणून मंडळीचा वडील, म्हणजे पंच, या नात्याने त्यानेच तिला दोन वर्षं प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस नाकारला होता.

“पाळकसाहेब बसलेत, ते बघूनच आलीस ना?”

“एस्तेरबाईंसाठी आले, भाऊ. दर रविवारी उपासना सुटली की माझ्याकडे यायच्या. म्हणायच्या, ‘आमच्या ह्यांना क्षमा कर गं. त्यांना स्वतःचा ताठा दिसत नाही.’”

“खोटं!” तो म्हणाला, पण आवाज चढेना. रविवारी एस्तेर उशिरा घरी यायची आणि कुठे रेंगाळलीस म्हणून तो तिला टोचून बोलायचा.

एस्तेरला जाऊन महिना झाला. शांतवनने सगुणाची क्षमा अजून मागितलेली नाही.