नव्या राळ्याचा धूर

"साहेब, धुकं आहे ते," लिनी म्हणाला.

नकाशे काढणाऱ्या जपानी कुवाबारांनी दुर्बिणीवरून डोळा हलवला नाही. "धुकं असं सरळ वर चढतं होय रे? आणि तेही छपरांतून?"

खालच्या दरीत लिनीची बहीण इबू होती, तिची लेकरं होती. जपान्यांनी आमचं बेट घेतलं, आम्हा डोंगरी बुनुन लोकांची गावंच्या गावं डोंगरावरून खाली आणली, बंदुका काढून घेतल्या. ही मूठभर घरं तेवढी हाती लागली नव्हती. फौज त्यांच्या मागावर होती. लिनी नकाशावाल्यांची ओझी वाहायचा तो याचसाठी, त्यांना या दरीपासून लांब ठेवायला. आज साहेब हट्टाने शिखरावर आले, आणि आजच नेमका नव्या पिकाचा राळा रांधायचा सण! सणाला आमच्याकडे चूल पेटलीच पाहिजे, मग वैरी दारात का असेना. काय म्हणावं या लोकांना!

लिनी दुर्बिणीच्या आड येऊन उभा राहिला. "माझी बहीण आहे तिथं. नकाशात घरं दिसली की फौज त्यांना जिवंत ठेवायची नाही. नुसतं जंगल काढा ना साहेब. कोण बघायला येतंय?"

"खोटी रेघ मी जन्मात काढलेली नाही." कुवाबारा गारठलेल्या बोटांवर फुंकर घालत राहिले. माणूस वाईट नव्हता, पण भारी हेकट. शेवटी म्हणाले, "घरं काढत नाही आणि जंगलही काढत नाही. ती दरी मला दिसलीच नाही. झालं समाधान?"

लिनीला रडू आवरेना. डोंगर उतरताना गडी चक्क गाणं म्हणत होता.

पायथ्याच्या छावणीत कप्तानाने नकाशा पसरला. लिनी ओझं उतरवून दाराशीच थांबला. कुवाबारांचं काम म्हणजे बघत राहावं असं. एकेक ओढा, एकेक कडा, उंचीच्या रेघा एकीला एक लागून. कप्तान खूश होऊन बोट फिरवत होता. मग बोट थांबलं. रेघांच्या त्या गर्दीत, मधोमध, तळहाताएवढा कागद कोरा होता.

"इथं काय आहे?"

"तेवढं दिसलं नाही."

"अख्खा डोंगर दिसला, आणि तेवढंच दिसलं नाही?" कप्तान हसला. मग दाराकडे वळून म्हणाला, "ए हमाल, चल, ऊठ. बंदुकांच्या पेट्या उचलायच्यात."