नमुन्याची बाटली

लातूर जिल्हा नवाच झालेला, त्यात दुष्काळ. अहमदपूरजवळच्या त्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, आणि नेमकं तिच्या शेजारी लष्कराचं गोदाम बांधायला काढलं.

"फौजेचं काम आहे, मावशी. पाणी तपासणीत पास झालं, तरच काँक्रीटला घेऊ," असं म्हणत इंजिनिअरसाहेबांनी कामावरच्या सरजाबाईला नमुन्याची बाटली भरून आणायला सांगितलं.

विहीर गावालाच राहावी म्हणून सरजाबाईनं बाटलीत मूठभर मीठ विरघळवलं. अहवाल आला: पाणी खारट, नापास.

"लई हुशार निघालीस की गं!" म्हातारा केरबा हसला. गावानं गूळ वाटला.



आठवड्यानं त्याच अहवालाची नक्कल घेऊन नव्या जिल्हा कचेरीतली माणसं आली, रहाट उतरवला आणि विहिरीवर पाटी ठोकून गेली: 'हे पाणी पिऊ नये.'