बिनठशाची फ्रेम

टक्क. मग फरशीवरून काहीतरी घरंगळत जाऊन कपाटाखाली थांबलं. फ्रेम उलटी करताना पायडलच्या आसाच्या नळकांड्यातून एक छर्रा निसटला होता. दुपारच्या चिडीचूप घरात एवढ्याशा छर्‍याचा केवढा गाजावाजा. तिनं आधी पलंगाकडे पाहिलं. लेक कूस बदलून पुन्हा गाढ झोपली. खुर्चीत डुलक्या काढणाऱ्या अप्पांचे डोळे मात्र सताड उघडे होते.

"कुठून आली ही?" त्यांनी विचारलं.

तिला जरा खटकलं. तिच्या बापाचा जन्म सायकलच्या फ्रेमा बांधण्यात गेला. अनोळखी फ्रेम दिसली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, कुणी बांधली? आज तो आलाच नाही.

तिनं सांगितलं. नवऱ्याच्या सायकलदुकानात एक शौकीन गिऱ्हाईक ही फ्रेम घेऊन आलं होतं. भंगारात सापडलेली, जुनी, ना नाव ना ठसा. कारागीर कळला तर त्याचं नाव तिच्यावर सोनेरी अक्षरांत रंगवून घ्यायचं होतं. नवरा म्हणाला, घरात विहीर असताना गावभर पाणी कशाला शोधू? सासऱ्यांना दाखव. शिवाय पोरगी झोपली की जुना रंगही उतरवून ठेव. ती हौसेनं बसली होती. अप्पांचं नाव आता कुणाच्या लक्षात होतं? एका तरी फ्रेमवर ते चमकावं, एवढीच तिची इच्छा.

"माझी नाही," अप्पा म्हणाले. "माझ्या फ्रेमवर ठसा असतो. आणि पोरासोरांच्या सायकली मी कधी केल्यात?"

तेही खरंच. छोट्या फ्रेमला मेहनत तेवढीच आणि मान काडीचा नाही, असं ते सगळ्यांना ऐकवत. ती स्वतः मोठ्यांच्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकली होती. गुडघ्यावरचे व्रण अजून होते.

ही फ्रेम मात्र छोटी होती. मुलीची. फ्रॉक अडकू नये म्हणून वरची दांडी खाली उतरवलेली.

तिनं मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या आतल्या अंगाला करंगळी फिरवली. पितळेनं जोड झाळताना नळीतली हवा तापते, ती बाहेर पडायला तिथं भोक ठेवतात. सगळे एक ठेवतात. अप्पा दोन ठेवत. एक बुजलं तर दुसरं आहे, म्हणायचे. माणसाला नाकपुड्या दोन उगाच दिलेल्या नाहीत. लहानपणी नळी धरून बसायचं काम तिचं असे. ती भोकं तिला डोळे मिटूनही सापडली असती.

दोन होती. शेजारी शेजारी.

"अप्पा, दोन आहेत."

"असतील. माझ्या हाताखाली काय थोडी माणसं शिकून गेली?" मग जरा थांबून म्हणाले, "ते रंग काढायचं औषध पोरीच्या नाकात जातंय. राहू दे आता."

औषधाचा वास मघापासून घरभर होता. तेव्हा ते खुशाल डुलक्या काढत होते.

तिनं खिडकी उघडली आणि पुन्हा बसली. सीटच्या पाइपावर रंग सगळ्यात जाड होता. पातं फिरवलं तसा वरचा लाल पापुद्रा निघाला. खाली निळा. आणि निळ्याच्या खाली पितळेचं एक पिवळं वळं. पाइप तिथं कापून, तुकडा घालून वाढवलेला. बोटभर वर आणखी एक वळं. याच्यावर निळा नव्हता, नुसता लाल. म्हणजे नंतरचं. दोन्ही जोड इतके गुळगुळीत कानसलेले की नख अडत नव्हतं.

विकलेल्या सायकलीचं असं कुणी करत नाही. असं करायचं तर पोरीला समोर उभं करावं लागतं, तिचा पाय मापावा लागतो. आणि ती वाढली की पुन्हा.

अप्पा सुटे भाग आणायला परगावी जायचे. दर महिन्याला. आई म्हणायची, सोन्याचे छर्रे निवडून आणता की काय, दोन दोन दिवस लागतात ते? आणि हसायची. हसायचीच ना? तिला आता नीट आठवेना.

"पाइप दोनदा वाढवलाय," ती म्हणाली.

अप्पांनी पाहिलं नाही. "जावईबापूंना सांग, ओळखू आली नाही म्हणून."

"तुमचं नाव सोनेरी अक्षरांत आलं असतं."

"नको गं." एवढंच. तो आवाज नाकारणाऱ्या माणसाचा नव्हता, हात जोडणाऱ्या माणसाचा होता. तिनं तो याआधी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात लेक उठली. डोळे चोळत फ्रेमपाशी आली, पिवळी वळी पाहून खूश झाली. या बांगड्या कुणी घातल्या, म्हणाली. काहीतरी सांगायलाच हवं होतं. ती म्हणाली, बांगड्या नाहीत गं खारूताई, एक मुलगी मोठी होत गेली, म्हणून तिची सायकलही मोठी केली. मी तुझ्या फ्रॉकची दुमड उसवते ना, तसं.

लेकीला ते एकदम पटलं. तिनं खालच्या वळ्यावर बोट ठेवलं. "आधी एवढी होती." मग वरच्या वळ्यावर. "मग एवढी."



लेकीनं बोट उचललं, पाइप संपत होता त्याच्याही वर हवेत नेलं, टाचा उंचावल्या, हात पुरेना तशी आईकडे वळली.

"आणि आता केवढी आहे ती?"