क्रीटचा माणूस

भानुमतीबाईंच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आणायला मुलगा विश्वजित गेला, तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं. सिडकोतल्या घरात त्यांच्याजवळ बसून नात स्वराली, आजीचं मन रमावं म्हणून, अभ्यासाचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती.

"आजी, क्रीटन म्हणजे ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचा माणूस. बेटाच्या नावावरूनच शब्द आला. त्यांच्यातलाच एक जण म्हणाला होता म्हणे, सगळे क्रीटन खोटं बोलतात. मग त्याचं तरी खरं कसं मानायचं?"

"आपल्याच गोत्रातला दिसतोय मेला," भानुमतीबाई म्हणाल्या. "आपल्यातही दुखणेकऱ्याला खरं सांगत नाहीत. तुझ्या आजोबांना मी शेवटपर्यंत नुसती कावीळच सांगितली. तुझ्या बाबाला मीच पढवायचे, आत जाताना तोंड हसरं ठेव म्हणून."

तेवढ्यात विश्वजित आला. चपला काढता काढताच म्हणाला, "आई, काही निघालं नाही. साधी गाठ आहे."

त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "विशू, खरं सांगतोस ना?"

"तुझी शपथ, आई."

शपथ ऐकून त्यांच्या जिवात जीव आला. दुपारी त्या पोटभर जेवल्या, घटकाभर झोपल्यासुद्धा.

 

संध्याकाळी, गेली सहा वर्षं ज्याला रजाच मिळत नव्हती, त्या धाकट्या मंदारचा कॅनडाहून फोन आला, "आई, परवा पोचतोय मी. काही नाही गं, सहजच."