टेबलावर मरत नाही

सतराव्यांदा पुराचा इशारा देणारी पेटी झोपली आणि सतराव्यांदा नीट जागी झाली. हिरवा दिवा लागला, संगणकाच्या पडद्यावर पाण्याची पातळी उमटली. नेलिदाने कपाळावर हात मारला.

"पुन्हा जगली!"

समोर बसलेल्या सुलेमाबाई डोंगरातल्या एका गावच्या अग्निशमन दलाच्या प्रमुख. तीन तास गाडी हाकून त्या हीच पेटी, मेलेली, परत घेऊन आल्या होत्या. कडांना अजून नदीचा चिखल होता.

"तुमच्यासमोर गुणी मुलगी," त्या म्हणाल्या. "आमच्या नदीवर चार डुलक्या काढते आणि मरते. शनिवारपासून अर्धं कोर्दोबा शहर आमच्या पाण्यात डुंबायला येणार. वर पाऊस झाला की वीस मिनिटांत लोंढा खाली. भोंगा कोण वाजवणार, इंजिनियरबाई? तुमचा पडदा?"

नेलिदा यर्बाच्या कडू चहाची नळी चावत राहिली. बॅटरी वाचावी म्हणून पेटी मधूनमधून झोपे. उठताना तिचा कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा गाभा, कोसळत होता. का, ते तीन आठवडे सापडत नव्हतं. इथे टेबलावर तो कोसळतच नसे.

"मर ना एकदाची!" तिने बॅटरी उपसून काढली.

दिवा विझला नाही.

मंद झाला, पण जळत राहिला. नेलिदाची नजर संगणकातून पेटीत गेलेल्या तारेवर गेली. पेटीच्या आत काय चाललंय ते वाचायला लावलेली तार.

"हीच हिला वीज पाजतेय," ती म्हणाली. "थेंब थेंब."

तिने बॅटरी घातली, तार काढली. पडदा कोरा झाला. दोघी दिव्याकडे बघत बसल्या. पेटी झोपली, उठली, पुन्हा झोपली. नंतर दिवा लागलाच नाही.

"मेली!" नेलिदाने टाळी वाजवली.

"फुलं आणू?" सुलेमाबाई म्हणाल्या. "शनिवारी चालेल का ते सांगा."

नेलिदाचे हात खाली आले. "नाही. का मरते ते वाचायला तार लागते. आणि तार लावली की..."

"मरत नाही."

सुलेमाबाईंनी टोपी घातली. "मग पुलावर माणूस बसवते. पूर्वी म्हातारा लुदुएन्या बसायचा, भोंग्यापाशी. डुलकी लागायची त्याला."

"काढलं का नाही त्याला?"

"तपासायला गेलं की टक्क जागा असायचा."