सोडलेले दोन विषय

सार्थक एसटीतून उतरून घरी आला तो नुसती सॅक घेऊन. पडवीत टोमॅटो निवडत बसलेल्या प्राचीनं त्याच्या मागं, रस्त्याकडं पाहिलं.

"गादी कुठंय दादा? बादली, ड्रॉइंगचा ड्राफ्टर? सगळं आण म्हणलं व्हतं ना मी."

इंजिनिअरिंगची चार वर्षं संपवून दादा येणार, मग ती जाणार, हे घरात कधीचं ठरलेलं. एका वेळी एकच पोर बाहेर, असा आबांचा नेमच होता. बारावी होऊन वर्षभर ती त्यासाठीच थांबली होती. सीईटीला चांगले मार्क पडलेले, दाखल्यांची फाईल तयार, आणि दोरीवर गादीची नवी खोळ वाळत होती. तिनंच शिवलेली.

सार्थकला त्या खोळीकडं बघवेना. तो तडक आबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, माझं अजून एक वर्ष हाय."

आबांनी, म्हणजे गोरखनं, चहाचा कप खाली ठेवला. "फेल झाला का रं?"

"न्हाई. झेपंना म्हणून दोन वर्षं दर सेमिस्टरला दोन विषय कमी घेतले. आता तशी सोय हाय. पण डिग्रीला पाच वर्षं लागत्यात."

"फेल न्हाई ना? मग काय राव, घाबरवलंस की!" गोरखचा जीव भांड्यात पडला. "सोय हाय तर घ्यायची. वर्षानं काय बिघडतंय? प्राचीचं बघू पुढच्या साली." आणि तो खुशाल टेम्पोवाल्याला फोन लावायला उठला.

बघू म्हणे! आत्यानं आत्ताच प्राचीसाठी एक स्थळ सुचवलं होतं. पुढच्या साली काय बघतील, हे न कळायला सार्थक काही कुकुलं बाळ नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो प्राचीजवळ टेकला. "मी बोलतो आबांशी. तू जा. मी ऱ्हातो घरी."

"अर्धवट सोडून? येडा झालास का?"

"वर्ष वाढणार, हे तुला तरी आधी सांगायचं व्हतं गं. तोंडच उघडलं न्हाई. चुकलं माझं."

प्राचीनं एक नासका टोमॅटो बाजूला टाकला. "फोनवर रडत व्हतास, तवा मीच म्हणलं व्हतं ना, दोन सोड म्हणून."

मग ती उठली. दोरीवरची खोळ काढून तिनं नीट घडी घातली आणि त्याच्या सॅकवर ठेवली.

"घेऊन जा. तुझी जुनी फाटली आसंल."